संत जोसेफ वाझ यांची पद्धत वाड्यावाड्यावर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१६ जानेवारीला संत जोसेफ वाझ यांचे फेस्त (सण) आले की सांकवाळच्या नोवेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) आणि मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) बातम्या मराठी दैनिकांतही छापून येतात. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत जन्म, १६ जानेवारी १७११ रोजी लंकेतल्या कँडीत निधन, १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांच्याकडून संतपद, एवढा मजकूर ठरलेला. हा माणूस लंकेत नेमके काय करत होता, हे मात्र कुणी लिहीत नाही. आजारपणात, घरच्या विरोधात किंवा गावातल्या तणावात विश्वास टिकवू पाहणाऱ्या गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला उपयोगी पडेल असा भाग तोच आहे. म्हणून हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचेच झाले तर पोलिस तक्रारीचा परिच्छेद तेवढा राहू द्यावा.

वाझ १६८७ साली जाफन्याला उतरले तेव्हा किनारपट्टीवर डचांचा अंमल होता. डच कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक पाद्रींना त्यांनी हाकलले होते, इगर्जी (चर्च) ताब्यात घेतल्या होत्या, पाद्रीला घरात आसरा देणाऱ्याला जबर शिक्षा होती. जवळजवळ तीस वर्षे तिथे उघड मिस्स झाले नव्हते. वाझ भिकाऱ्याच्या वेषात फिरले. गळ्यात रोजार घालून दारोदार भीक मागायची आणि ती माळ कुणाच्या ओळखीची आहे ते बघायचे, अशी त्यांची आठवण सांगतात. घर सापडले की रात्री कुमसार (पापकबुली), बाप्तिस्मे, मिस्स, आणि उजाडायच्या आत तिथून निघायचे. एका नाताळच्या रात्री जाफन्यात डच शिपायांनी धाड घातली, जमलेल्यांना पकडले. वाझ निसटले आणि पुढे पुत्तलमकडे, कँडीच्या राजाच्या मुलखात गेले. तिथे १६९२ मध्ये पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना डांबले. कैदेत ते सिंहली शिकले.

इथवरची कथा शौर्याची आहे आणि प्रवचनात ती ऐकायला मिळते. पण एकटा पाद्री, पायी प्रवास आणि अख्खे बेट, अशा हिशेबात एखाद्या गावाच्या वाट्याला वर्षाकाठी एखादी रात्र आली तरी पुष्कळ. मदतीला दुसरे पाद्री आले ते १६९७ साली, म्हणजे दहा वर्षांनी. उरलेल्या ३६४ रात्रींचे काय? त्यासाठी वाझांनी वस्तीवस्तीत गावचीच माणसे उभी केली. अण्णावी हा शिकवणारा आणि प्रार्थना चालवणारा. मुप्पु हा कपेलाची (लहान चर्चची) आणि माणसांची व्यवस्था बघणारा. पाद्री नसताना मरणाऱ्याजवळ कुणी बसायचे, मुलांना प्रार्थना कुणी शिकवायच्या, पाद्री येणार असल्याचा निरोप कुणी कुठे पोचवायचा, हे आधीच ठरलेले असले की धाड पडली तरी समाज विस्कटत नाही.

जपानमध्ये हेच याहून मोठ्या प्रमाणावर घडले. नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर मारले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. पुढे १६१४ मध्ये धर्मावरच बंदी आली, पाद्री संपले, आणि तरीही खेड्यांतून दोनशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती घरे टिकली. गावात कामे वाटलेली असत. एकजण पंचांग राखी, म्हणजे उपास कधी, सण कधी हे त्याच्याकडे. दुसरा पाणी ओतून बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघरी निरोप पोचवी. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या इगर्जीत हे लोक येऊन फ्रेंच पाद्रीला भेटले, तेव्हा त्यांना चाळिसा (उपासाचे चाळीस दिवस) कोणता आणि नाताळ कधी, दोन्ही माहीत होते. छातीठोकपणाने अडीच शतके निघत नाहीत. कामे वाटून ठेवल्याने निघतात.

गोव्यात वाड्यावाड्यावर लहान ख्रिस्ती समुदाय आहेत, म्हणजे सांगाडा तयारच आहे. बिघडते कुठे ते आम्ही जवळून पाहतो. वाड्यावरची एखादी उत्साही बाई रोजार चालवते, आजाऱ्यांची यादी तिच्या डोक्यात असते, पाद्रीला फोन तीच करते. आणि ती लेकीच्या बाळंतपणाला लिस्बन किंवा लंडनला गेली की सगळे बंद. म्हणून प्रत्येक कामाला दोघे हवेत आणि दर दोन वर्षांनी त्यांतला एक बदलायला हवा. आजाऱ्यांची, एकट्या राहणाऱ्यांची आणि घरातला कर्ता जहाजावर वा आखातात असलेल्या घरांची यादी वहीत असावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती कधीच टाकू नये. कुणाच्या घरात कोणता आजार, कुणाची बायको एकटी, ही माहिती कुठे फिरेल सांगता येत नाही. आणि वाड्यावर निदान चौघांना तातडीचा बाप्तिस्मा देता आला पाहिजे. जीव धोक्यात असेल तर तो कुणीही देऊ शकतो: डोक्यावर साधे पाणी तीनदा ओतायचे आणि ओतताना म्हणायचे, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ नंतर पाद्रीला कळवून नोंद करून घ्यायची. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या ख्रिस्ती परिचारिकांना हे येते. घरच्यांना येत नाही.

आता आजारपण. गोव्यात छळाने जितके लोक देवापासून दूर जातात त्याच्या कितीतरी पट अधिक लांबलेल्या आजाराने, कर्जाने आणि अकाली मरणाने जातात. याचे कारण बहुतेक वेळा धर्मज्ञान नसून एकटेपण असते. आजार कळला की पहिल्या आठवड्यात खोलीत बसायला जागा नसते. पाचव्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. मरणाचेही तसेच. सातव्या दिवसाच्या मिस्साला अंगण भरते, महिन्याच्या मिस्साला निम्मे येतात, त्यानंतर थेट वर्षाच्या मिस्सालाच तोंडे दिसतात. माणूस खचतो तो याच मधल्या काळात. बारा घरे असतील तर प्रत्येकाने पंधरवड्यातला एक दिवस घ्यावा, दोघांनी मिळून जावे, वीस मिनिटे बसावे आणि उठावे. जाताना पेज किंवा शिजवलेले काही न्यावे, पण पथ्य विचारून. विजेचे बिल भरणे, मुलाला शाळेतून आणणे, औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावणे, ही कामे प्रार्थनेइतकीच महत्त्वाची आहेत.

बोलायचे काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळे ठीक होते. तोंड उघडले आणि घोळ झाला. ‘देव परीक्षा बघतो’, ‘कुणाची तरी दृष्ट लागली असेल’, ‘तू रोजार चुकवलास का?’ ही वाक्ये दाराबाहेर ठेवावीत. त्यापेक्षा एक स्तोत्र वाचावे. तेरावे स्तोत्र सहा ओळींचे आहे आणि त्याची घडण ध्यानात ठेवण्याजोगी आहे: आधी ‘किती काळ?’ अशी तक्रार, मग मागणे, मग भरवसा. तक्रार गाळून एकदम भरवशावर उडी मारली की आजाऱ्याला ते खोटे वाटते. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळच नाही. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. फार खचलेल्या माणसाला ते वाचून दाखवले तर तो बहुधा म्हणतो, माझेच लिहिले आहे.

आजाऱ्यांच्या तेलाबद्दल (पाद्री आजाऱ्याला तेल लावून देतो तो संस्कार) एक गैरसमज गोव्यात फार खोल रुजला आहे. पाद्री तेल घेऊन आला म्हणजे संपले, असे मानून घरचे लोक बोलावणे लांबवतात आणि आजारी माणूस शुद्धीत असताना त्याला ते मिळतच नाही. हा संस्कार गंभीर आजाराचा आहे, केवळ मरणाचा नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, आजार पुन्हा बळावला तर पुन्हा घेता येतो. पवित्र आठवड्याच्या मिस्सात बिशपने आशीर्वादलेले तेल कपाळाला आणि तळहातांना लावतात, सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. खोलीत एक लहान मेज, पांढरा कपडा, मेणबत्ती आणि हात पुसायला कापूस एवढी तयारी पुरते. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती नको. कोमुन्यांवआधीचा (मिस्सातली पवित्र भाकर घेण्याआधीचा) तासाभराचा उपासही आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला लागू नाही. डायबेटीसवाल्या माणसाला त्यापायी उपाशी ठेवू नये.

प्रार्थनेने बरे होशील, गोळ्या बंद कर, असे सांगणारा कुणी, मग तो कुठल्याही पंथाचा असो, घरी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझांनी आणि त्यांच्या सोबत्याने त्यांना अन्नपाणी दिले, धुतलेपुसले, मेलेल्यांना पुरले. झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा झाला, असे पंधरा दिवसांहून जास्त चालले तर डॉक्टर हवा. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिकडे फोन केल्याने विश्वास कमी ठरत नाही.

ज्याला स्वतःला खचल्यासारखे वाटते त्याने लोयोलाच्या संत इग्नेशियसचा एक नियम पाळावा: मन कोरडे पडलेले असताना आधी घेतलेला निश्चय बदलायचा नाही. मिस्स सोडणे, समुदाय सोडणे, लग्न मोडणे, असले निर्णय त्या काळात घेऊ नयेत. उलट नेहमीची प्रार्थना थोडी वाढवावी. रोज पंधरा मिनिटे असेल तर अठरा करावी, तासभर करू नये. तासभर तीन दिवस चालते आणि चौथ्या दिवशी सगळेच बंद पडते. शिवाय काही पाठ हवे. तेविसावे स्तोत्र, मत्तयातली धन्यवचने, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट: दोन दिवसांना एक ओळ या गतीने दोन महिन्यांच्या आत हे सगळे होते. मोबाइलवर सगळे आहे हे खरे, पण आयसीयूच्या दाराशी मोबाइल काढून घेतात.

सगळ्याच दुःखाला क्रूस म्हणायची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे: कुणी चोर म्हणून, गुन्हेगार म्हणून, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगले तर त्यात विश्वासाचे काही नाही. कॅसिनोत घालवलेले पैसे हा छळ नव्हे. आणि दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल ‘हा तुझा खुरीस (क्रूस), सोस’ असे बायकोला सांगणे तर सरळ पाप आहे, सांगणारा कितीही वयाने मोठा असो. तिला १८१ या क्रमांकावर फोन करायला आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागायला मदत करावी. येशूने शिष्यांना सांगितले की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. पळणे हे कायम भित्रेपण नसते.

इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा शहरात बिशप पॉलिकार्पला जाळले, त्या वृत्तांतात क्विंटस नावाचा एकजण आहे. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही चिथवले, आणि जनावरे पाहताच घाबरून त्याने अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून देवांना धूप घातला. म्हातारा पॉलिकार्प आधी शेतघरावर लपला होता. पकडायला आलेल्यांना त्याने जेवू घातले आणि प्रार्थनेला तासभर मागून घेतला. टिकला तो, क्विंटस नव्हे. फेसबुकवर रोज कुणाला तरी ललकारणाऱ्यांनी हे वाचावे.

घरातल्या विरोधाची गोष्ट वेगळी. हिंदू घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी ख्रिस्ताकडे वळते तेव्हा पहिले भांडण जेवणाच्या पानावर आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवशी होते. प्रेषित पौलाने करिंथकरांना दिलेला सल्ला इथे तंतोतंत लागू पडतो: बाजारातले अन्न चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी मुद्दाम सांगितले तर त्याच्या मनाखातर खाऊ नका. व्यवहारात याचा अर्थ असा की चवथीला घरी जावे, मंडपी (गणपतीवरचे फळापानांचे छत) बांधायला हात लावावा, पाहुण्यांना पाणी द्यावे, नेवऱ्या तळायला मदत करावी, आणि पूजेच्या वेळी शांतपणे मागे उभे राहावे. प्रसाद नको असेल तर हात जोडून नको म्हणावे. का नको याचे प्रवचन देऊ नये. आई पुढे तीच नेवरी डब्यात घालून देईल, ती घ्यावी. जे जातच नाहीत त्यांचे घर तुटते, आणि जे जाऊन वाद घालतात त्यांचेही.

बाबा पदमनजी १८५४ मध्ये, पंडिता रमाबाई १८८३ मध्ये, नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तिघांनाही आप्तांचा किंवा समाजाचा रोष सोसावा लागला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांत टिळकांनी बळजबरी केली असती तर मराठी ख्रिस्ती समाजाला लक्ष्मीबाई मिळाल्याच नसत्या.

बाप्तिस्म्याची घाई हे गळतीचे सगळ्यात मोठे कारण. तिसऱ्या शतकात शिकवणीला तीन वर्षे देत असत. आज कॅथलिक पद्धतीत प्रौढाला बहुधा वर्षभर शिकवून पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री बाप्तिस्मा देतात. तीन आठवड्यांत पाण्यात उतरवलेल्या माणसाला घरून पहिला धक्का बसला की त्याच्यापाशी धरायला काही नसते, आणि घरच्यांनाही पचवायला वेळ मिळालेला नसतो. कागदाची बाजूही आधीच सांगितली पाहिजे. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याच्या त्या सवलती जातात. अनुसूचित जमातीचे तसे नाही, गावडा, कुणबी, वेळीप ख्रिस्ती असले तरी जमातीतच राहतात. हे लपवून बाप्तिस्मा देणे म्हणजे फसवणूक. गोव्याच्या वारसा कायद्यात आईवडिलांच्या मिळकतीतला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, तेव्हा ‘तुला काही देणार नाही’ हे रागातले वाक्य ऐकून कुणी हक्कसोडीच्या कागदावर सही करू नये. आधी वकिलाला दाखवावा. पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे. स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि विरोध नेहमी बाहेरूनच येतो असेही नाही. कॅथलिक घरातला कुणी ‘बिलिव्हर्स’मध्ये, म्हणजे नव्या ख्रिस्ती पंथात, गेला की त्याला लग्नाकार्याला न बोलावणे, सिमितेरीत (दफनभूमीत) जागा देताना खळखळ करणे, हे आपल्याच गावांत चालते. मतभेद खरे आहेत, मोठेही आहेत. मयताला जागा नाकारणे हे त्याचे उत्तर नाही.

गावात खुरीस फोडला गेला, प्रार्थनेत कुणी गोंधळ घातला, तर काय करायचे ते क्रमाने लिहितो. प्रथम हात लावायचा नाही. आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती हीच: चारजणी येऊन तुकडे गोळा करतात, जागा धुतात, फुले ठेवतात, आणि बोटांचे ठसे, पायांचे ठसे, हत्याराचे वण सगळे पाण्याबरोबर जाते. दोरी बांधावी, दोघांनी राखण करावी, लांबून आणि जवळून फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून; मूळ फाइल त्या मोबाइलमधून काढू नये. ११२ वर फोन करावा. तक्रार लेखी द्यावी: शेवटचे अखंड कधी पाहिले, कुणी पाहिले, फुटलेले प्रथम कुणाला कधी दिसले, जवळ कॅमेरा कुठे आहे. संशयिताचे नाव ऐकीव माहितीवर घालू नये. कलमे पोलिस लावतील, तरी माहीत असावीत: भारतीय न्याय संहितेचे कलम २९८ हे पूजास्थानाची किंवा पवित्र वस्तूची नासधूस, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, २९९ हे जाणूनबुजून धर्मभावना दुखावणे, तीन वर्षांपर्यंत, ३०० हे उपासनेत अडथळा आणि ३०१ हे दफनभूमीत घुसखोरी, दोन्हींना एक वर्षापर्यंत. हद्द आपली नाही असे सांगून कोणतेही ठाणे परत पाठवू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि प्रत फुकट मिळते. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदच करत नसतील तर तीच तक्रार लेखी पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी, त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांची. पंचनामा झाला की खुरीस त्याच दिवशी दुरुस्त करावा, तिथे लादाईन (सामुदायिक प्रार्थना) म्हणावी, आणि वाड्यावरच्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावे.

कायद्याकडे जाणे म्हणजे क्षमा नाकारणे, असे काही भाविकांना वाटते. पौलाला फिलिप्पीत चौकशीविना फटके मारून कोंडले. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडू लागले तेव्हा तो हटून बसला की आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. पुढे त्याने थेट कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली. मनात आकस न ठेवणे हे आपले काम. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाचे. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देते. त्याच कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात. मदतीचे तांदूळ आणि बाप्तिस्म्याची वही एकाच मेजावर ठेवू नयेत.

गोव्यात छळाबद्दल लिहिताना आपल्या बाजूचा इतिहास गाळता येत नाही. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत पाच जेझुइट (एका कॅथलिक संघाचे सदस्य) मारले गेले, त्यांना १८९३ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात नेऊन मारले, तेही त्याच कथेत येते. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) चालू होते आणि तिथे उभे केलेल्यांत नव्याने ख्रिस्ती झालेले गोमंतकीय पुष्कळ होते, गुन्हा काय तर जुना एखादा आचार सुटला नाही. घाबरवून राखलेला विश्वास काय करतो ते आपल्या भूमीने पाहिले आहे. कुणी मराठी वाचक हा दाखला देऊन आम्हाला टोमणा मारील, तर तो खराच आहे.

म्हणूनच पडलेल्याला परत घेण्याची रीत नीट हवी. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसने सगळ्यांना रोमी देवांपुढे यज्ञ करून दाखला घ्यायला लावले. कार्थेजचे पुष्कळ ख्रिस्ती गेले; काहींनी खरोखर यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. बिशप सिप्रियनने २५१ च्या सभेत दोघांना एका मापाने मोजले नाही. दाखलेवाल्यांना एकेकाची चौकशी करून परत घेतले. यज्ञ केलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्त दिले, आणि पुढे नवा छळ येऊ घातला तेव्हा त्यांनाही बळ मिळावे म्हणून कोमुन्यांव दिले. अजिबात परत घेऊ नका म्हणणारा नोव्हाशियन वेगळा पडला. आज कुणी वर्षानुवर्षे मिस्साला येत नसेल तर पहिल्या भेटीत ‘का येत नाहीस?’ विचारू नये. घरचे कसे आहेत ते विचारावे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येणारा रविवार, वेळ आणि ‘मी दाराशी येतो’ एवढे सांगावे. कुमसार लगेच नको असेल तर नको. आधी मागच्या बाकावर बसू द्यावे. परत आल्यावर बाकीच्यांनी ‘बऱ्याच दिवसांनी!’ असे म्हणू नये. हे वाक्य ऐकून दुसऱ्या रविवारी न आलेले लोक आम्हाला ठाऊक आहेत.

जहाजावरच्या तारवट्यांचे काम सर्वांत अवघड, कारण सहा-आठ महिने ना मिस्स ना वाडा, आणि पाळी रविवारीच. त्यांनी निघण्याआधी कुमसार करावे, खिशात मावेल असा नवा करार न्यावा आणि घरच्यांशी एक वेळ ठरवावी, भारतीय वेळेने, जेव्हा दोन्हीकडे तेच स्तोत्र वाचले जाईल. फोन लागो न लागो.

संपादक महाशय, आपल्याकडे एकच मागणे. खुरीस किंवा देऊळ फुटल्याची बातमी छापताना पोलिसांत नोंद झाली की नाही आणि पंचनामा झाला की नाही हे बातमीत असू द्या, संशयितांच्या धर्माबद्दलचे तर्क नकोत, आणि जुना फोटो वापरलात तर त्याखाली तारीख घाला.

आपले,
सासष्टीतील काही ख्रिस्ती वाचक
मडगाव, गोवा